पाडवा ते पाडवा: आमच्या दोन कुत्र्यांचे ३४४ फोटो

सोनी गेली तेव्हा तिचा एकही धड फोटो घरात निघाला नाही. बारा वर्षं ती आमच्या ओट्यावर होती. पण फोटोत कुठे, तर मुलाच्या वाढदिवसाला टेबलाखाली अर्धी शेपटी आणि नव्या गाडीच्या पूजेच्या वेळी चाकामागे एक कान. २०२२ सालची ही गोष्ट. मुलगा रडत रडत माझ्या मोबाइलमध्ये तिला शोधत होता, ते मी विसरू शकले नाही.

खंड्या हा सोनीचाच मुलगा. तपकिरी अंग, चारही पाय पांढरे. २०२४ उजाडलं तेव्हा तो बारा पूर्ण करून तेराव्यात होता. धाकटी जांभळी दोन वर्षांची. जूनच्या पावसात गोडोलीच्या रस्त्याकडेला जांभळाच्या झाडाखाली भिजत बसलेली सापडली, म्हणून जांभळी. कुळकुळीत काळी, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. दोघंही गावठी. आम्ही साताऱ्यात राहतो, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी.

९ एप्रिल २०२४, मंगळवार, गुढीपाडवा. गुढीला नैवेद्य दाखवून झाल्यावर मी ठरवलं, की पुढच्या पाडव्यापर्यंत रोज या दोघांचा एक तरी फोटो काढायचा. एक जानेवारीला असे संकल्प सगळेच करतात; मला आपलं वर्ष हवं होतं. कालनिर्णयात मोजलं. शके १९४६ मध्ये अधिक महिना नव्हता, त्यामुळे ९ एप्रिल २०२४ ते २९ मार्च २०२५ असे ३५५ दिवस. त्यातले ३४४ दिवस फोटो झाले, अकरा दिवस हुकले. शाळेतल्या दोन-तीन सहकाऱ्यांना घरच्या जनावरांचं असंच काही करायचं आहे आणि सुरुवात कुठून करायची कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिले पंधरा दिवस मोबाइलवरच गेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एप्रिलमध्ये शाळा सकाळची, त्यामुळे सकाळचं कोवळं ऊन मला मिळायचंच नाही. दुपारी घरी यावं तर ऊन रखरखीत, कुत्री पाण्याच्या टाकीमागच्या सावलीत पसरलेली. संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा एवढाच वेळ हाती. आमच्या घरावरचं ऊन किल्ल्याआड लवकर जातं. जाण्याआधी ते पडवीच्या उजव्या कोपऱ्यात, खंड्याच्या गोणपाटावर, तिरकं येतं. ही जागा मला त्या पंधरा दिवसांत सापडली. इतकी वर्षं मी त्याच घरात राहते आहे, पण त्या कोपऱ्यात असा उजेड येतो हे मला माहीत नव्हतं.

२६ एप्रिलला वापरलेला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घेतला. बॉडी १९,००० रुपये, ३५ एमएमची एफ १.८ लेन्स ७,५०० रुपये (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त). विकणाऱ्याकडून मूळ बिल मागून घ्या. त्यावरचा अनुक्रमांक आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला अनुक्रमांक तिथेच जुळवून पाहा. मागचा पडदा बाहेर उघडून वळणारा आहे का, हेही पाहा. माझ्या कॅमेऱ्याचा वळतो आणि त्याचा मला जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाच झाला नाही. कुत्र्याचा फोटो उभ्याने काढला की त्याचं फक्त डोकं आणि पाठ येते. कॅमेरा फरशीवर ठेवून पडद्यात वरून बघितलं की आपण त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. माझे गुडघे आता पंचेचाळिशीचे आहेत. दिवसाला वीस वेळा जमिनीवर लोळणं झालं नसतं.

नवा कॅमेरा आल्यावर खंड्याने पहिल्याच दिवशी तोंड फिरवलं आणि जांभळी तर खाटेखाली गेली. मला वाईट वाटलं. नंतर लक्षात आलं, की त्यांच्या बाजूने पाहिलं तर लेन्स म्हणजे टक लावून बघणारा एक मोठा डोळा. अनोळखी कुत्र्याने असं रोखून पाहिलं तर तेही बिथरतातच. मग मी पाच दिवस एकही फोटो काढला नाही, कॅमेरा नुसता पडवीत फरशीवर ठेवून दिला. त्यांनी तो हुंगला, चाटला. सहाव्या दिवसापासून शटरचा आवाज झाला की भाकरीचा एक तुकडा. आवाज, तुकडा. आवाज, तुकडा. चार दिवसांत जांभळी खाटेखालून आली. (या पाच दिवसांत मोबाइलवर फोटो चालूच होते, त्यामुळे ते हुकलेल्या दिवसांत धरलेले नाहीत.)

तेव्हाच एक नियम केला आणि तो वर्षभर पाळला. कुत्रं जांभई देतंय, भूक नसताना जीभ नाकावरून फिरवतंय, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवतंय, असं दिसलं की कॅमेरा खाली. ही त्यांची ‘आता पुरे’ म्हणायची पद्धत आहे. सगळ्यात जास्त वीस मिनिटं, त्यापुढे नाही. त्या दिवशीचा फोटो बिघडला तर बिघडला.

मे महिना सगळा जांभळीच्या काळेपणात गेला. ती फोटोत एकतर राखाडी यायची नाहीतर नुसता काळा डाग. कारण समजायला मला तीन आठवडे लागले. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. जे असेल त्याची मध्यम राखाडी छटा करायची एवढंच त्याला ठाऊक. चौकट काळ्या कुत्रीने भरली की त्याला वाटतं अंधार आहे, मग तो उजेड वाढवतो आणि काळीची राखाडी होते. उपाय असा, की एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, मुद्दाम एका टप्प्याने (निम्म्यावर) कमी करायचं. पांढऱ्या कुत्र्याला याच्या उलट, थोडं वाढवायचं. दुसरी अडचण फोकसची. काळ्या केसांवर कॅमेऱ्याला पकडायला काहीच मिळत नाही, तो नुसता मागे-पुढे होत राहतो. मी फोकस डोळ्याच्या कडेवर घ्यायला शिकले, आणि तेही नाही जमलं तर छातीवरच्या त्या रुपयाएवढ्या ठिपक्यावर. उजेड समोरून नको, बाजूने हवा. बाजूने ऊन आलं की तिच्या पाठीवर जी निळसर झाक उमटते, ती मी २३ मे रोजी पहिल्यांदा नीट पकडली. त्या रात्री तो फोटो मी चार वेळा उघडून पाहिला. एवढी सुंदर कुत्री आपल्या घरात आहे!

फ्लॅश एकदाही वापरला नाही. कुत्र्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे त्यांना अंधारात आपल्यापेक्षा बरं दिसतं. फ्लॅशमध्ये मात्र त्याच थरामुळे डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि चेहरा ओळखू येत नाही. शिवाय त्यांना तो झगमगाट आवडत नाही, एवढं कारण मला पुरेसं होतं. कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग नीट दिसतो, तांबडा मळकट दिसतो. मुलाचा लाल चेंडू हिरवळीत पडला की जांभळी नाकाने शोधायची, निळा आणल्यावर नजरेने धावू लागली. कॅमेऱ्याजवळ निळा चेंडू धरला की ती बरोबर लेन्सकडे बघते. चाळीस रुपयांचा चेंडू.

१५ जूनला शाळा सुरू झाली आणि पाठोपाठ पाऊस. साताऱ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. दिवस दिवस उजेडच नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची तीव्रता, ३२०० वर नेला, फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे आले, ते मी चालवून घेतले. शटर उघडं राहण्याचा वेळ झोपलेल्या खंड्याला एक साठांश सेकंद चालतो, धावत्या जांभळीला एक हजारांश लागतो आणि तेवढा उजेड जुलैत नाहीच. म्हणून जुलैत जांभळी धावताना एकही फोटो नाही. त्याऐवजी ओली शहाबादी फरशी आहे, तिच्यात उमटलेले चार पांढरे पाय आहेत, दारातून पाऊस बघणारी दोन डोकी आहेत. दोघं एका चौकटीत असतील तर एफ १.८ वर एकाचा चेहरा धूसर होतो, एफ ५.६ वर जावं लागतं. मग उजेड आणखी कमी. पांढरी चादर दोरीवर टाकून तिच्यावरून उजेड परतवायची युक्ती नवऱ्याने सुचवली, ती बऱ्यापैकी चालली.

३ ऑगस्टला लेन्समध्ये बुरशी दिसली. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. मी कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून लाकडी कपाटात ठेवत होते; घाटमाथ्याजवळच्या दमट हवेत याहून वाईट जागा नाही. लेन्स पुण्याला एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. १,८०० रुपये आणि आठ दिवस सांगितले. लागले चोवीस दिवस. दर तीन दिवसांनी फोन, दर वेळी ‘उद्या’. २७ ऑगस्टला लेन्स मिळाली तेव्हा काच स्वच्छ होती, पण पुढच्या कड्यावर एक ओरखडा नवा होता. ‘आधीपासूनच होता’ असं उत्तर आलं. माझ्याकडे देण्याआधीचा फोटो नव्हता आणि पावतीवर फक्त ‘लेन्स १ नग’ लिहिलेलं होतं. दुरुस्तीला काही देताना सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा, अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्या, अंदाजे खर्च आणि तारीखही लिहून घ्या. मी आता घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र वापरते. सगळं मिळून १,४५० रुपये. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर गरम केले की पुन्हा कामाला येतात. ती कढई मात्र स्वयंपाकाची नको.

लेन्स पुण्यात असतानाच जांभळी आजारी पडली. १९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा. नारळीभात झाला होता, एरवी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसते, त्या दिवशी उठलीच नाही. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘कधीपासून?’ मी म्हणाले, आजच. मग हातातल्या मोबाइलमध्ये रोजचे फोटो उघडले. १४ तारखेला कान ताठ. १५ ला झेंडावंदनाहून आल्यावर काढलेल्या फोटोत मान थोडी खाली. १६ ला ती जांभई देते आहे आणि हिरड्या फिक्या दिसताहेत. १७ आणि १८ ला दोन्ही दिवस एकाच जागी, एकाच कुशीवर. डॉक्टरांनी मोबाइल स्वतःच्या हातात घेऊन ते पाच फोटो मागे-पुढे करून पाहिले आणि म्हणाले, ‘चार दिवस झाले हिला.’

गोचीड ताप निघाला. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट्स खूप खाली गेलेल्या. अठ्ठावीस दिवस गोळ्या, पोट भरल्यावरच द्यायच्या. तपासणी, सलाइन, औषधं धरून ३,२०० रुपये झाले. काळ्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड दिसत नाही; कानाच्या घडीत आणि पायाच्या बोटांमध्ये हात घालून पाहावं लागतं. मी रोज तिच्याकडे पाहत होते, फोटो काढत होते, आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. फोटो काढताना मी उजेड बघत होते. तेव्हापासून सवय लावून घेतली. रात्री झोपण्याआधी आजचा फोटो कालच्या शेजारी ठेवून बघायचा. दोन मिनिटंही लागत नाहीत.

आजारपणात फोटो काढावे का, यावर घरात बोलणं झालं. सासूबाई म्हणाल्या, ‘दुखण्यातलं कुणी फोटो काढतं का गं? तिला नजर लागेल.’ त्यांचं मन राखून मी चार दिवस काढले नाहीत. पाचव्या दिवशी त्याच म्हणाल्या, आज चांगली दिसतेय, काढ की. त्या फोटोत जांभळीचं डोकं सासूबाईंच्या पायावर आहे आणि त्यांच्या साडीचा काठ दिसतो. वर्षभरातला माझा सगळ्यात आवडता तोच.

गणपतीत ढोलताशा, मग दिवाळीत फटाके. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, १ नोव्हेंबरला, दोघंही खाटेखाली थरथरत होते. मी खाटेपुढे बसून राहिले, कॅमेरा काढलाच नाही. दिवाळीत असे दोन दिवस हुकले. बाकीचे पाच हुकले ते शाळेच्या प्रशिक्षणाचे तीन आणि सुतकात गावी गेलो ते दोन. हुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन फोटो काढायचे नाहीत, असं मी पहिल्यापासून ठरवलं होतं. वहीत त्या तारखेपुढे कारण लिहायचं आणि पुढे जायचं.

त्याआधी, ऑक्टोबरमध्ये, एक वेगळीच अडचण आली होती. सगळे फोटो सारखे दिसू लागले होते. तोच गोणपाट, तेच ऊन, तीच मान. मन उडालं. त्या सुमारास अमेरिकेतल्या विल्यम वेगमन या छायाचित्रकाराविषयी वाचलं. १९७० साली त्याने एक वाइमारानर जातीचा कुत्रा पाळला, ‘मॅन रे’ नाव ठेवलं, आणि १९८२ साली तो कुत्रा जाईपर्यंत त्याच्यासोबत फोटो आणि व्हिडिओ करत राहिला. एक माणूस, एक कुत्रा, बारा वर्षं. वेगमनची कुत्री वेषभूषा करतात, पोज देतात; मला खंड्याला टोपी घालायची नव्हती. पण बारा वर्षं संपला नाही तो विषय मला सहा महिन्यांत कसा संपेल, हे मनाला लागलं. मग आठवड्याला एक बंधन घातलं. एक आठवडा फक्त पाठमोरं, एक आठवडा फक्त गच्चीवरून, एक आठवडा फक्त पाय.

पायांचा आठवडा डिसेंबरमध्ये आला. लेन्स जवळ नेऊन खंड्याच्या उजव्या मागच्या पंजाचा फोटो काढला. तळवा भेगाळलेला, कडा झिजलेल्या, बोटांच्या मधल्या पांढऱ्या केसांत लाल मातीचे कण. आणि मधली दोन नखं. बाकीची टोकाला बोथट होती, ही दोन मात्र वरच्या बाजूने, कानशीने घासल्यासारखी सपाट झालेली. मी डाव्या पंजाचा फोटो काढून पाहिला. त्याची नखं गोल. खंड्या चालताना लंगडत नव्हता, रडत नव्हता, जेवत होता. डॉक्टरांना दोन्ही फोटो दाखवले. त्यांनी त्याला टेबलावर उभं करून उजवा पंजा उलटा टेकवला. डावा त्याने लगेच सरळ केला होता, उजवा सरळ करायला त्याला वेळ लागला. पाठीच्या कण्याचं म्हातारपण, पाय पूर्ण उचलला जात नाही, म्हणून नखं रस्त्यावर घासतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. बरं होणारं नाही, पण सांभाळता येतं. गुळगुळीत शहाबादीवर आम्ही गोणपाटं आणि जुन्या सतरंज्या अंथरल्या, लांब फिरणं बंद करून दोनदा थोडं थोडं नेऊ लागलो, ओट्याच्या दोन पायऱ्यांवर फळीचा उतार केला. डोळ्यांतला निळसरपणाही तेव्हाच विचारला. तोही वयाचा, त्याला दिसतं, असं कळल्यावर जीव भांड्यात पडला.

जानेवारी, फेब्रुवारी सुखाचे गेले. थंडीतलं ऊन दिवसभर तिरकं असतं. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी दिवाळीनंतर करावी, उजेड आपल्या बाजूने असतो. संक्रांतीला जांभळीने तिळाची वडी पळवली त्याचा फोटो आहे.

२९ मार्च २०२५, अमावास्या, शेवटचा फोटो. एकूण सुमारे चौदा हजार फोटो काढले गेले होते, रोज एक ठेवून बाकी काढून टाकायचं धैर्य मला झालं नाही, म्हणून एक टेराबाइटची डिस्क घेतली, ४,६०० रुपये. त्यातून निवडून चौसष्ट पानांचं पुस्तक करायचं ठरलं. छापखान्यात गेल्यावर पुष्कळ नव्या गोष्टी कळल्या. पानांची संख्या चारच्या पटीत लागते. चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त सोडावं लागतं, ते कापण्यात जातं. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत चेहरा मधोमध ठेवला तर तो बांधणीच्या घडीत जातो. पहिल्या नमुन्यात खंड्याचं नाकच घडीत गेलं होतं. आणि जांभळी पुन्हा काळा डाग झाली होती! यंत्रावरच्या दादांनी सांगितलं, ताई, पडद्याला मागून उजेड असतो, कागदाला नसतो. काळं जरा उजळून आणा. सगळे जांभळीचे फोटो पुन्हा बसून उजळले, त्यात दहा दिवस गेले. नमुना प्रत काढल्याशिवाय सगळ्या प्रती छापू नका. पाच प्रतींचे प्रत्येकी १,१५० रुपये पडले.

१० मे रोजी पुस्तकं घरी आली. मुलाने पहिल्या पानावर सोनीचं नाव लिहिलं. फोटो नाही, नुसतं नाव. सासूबाईंनी एक प्रत देवघराच्या कपाटात ठेवली. मी एक प्रत उघडून पडवीत खंड्यासमोर धरली, त्याच्या स्वतःच्या पानावर. त्याने कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगला, माझा हात हुंगला, आणि उजवा पाय किंचित ओढत जाऊन त्याच्या गोणपाटावर बसला. सहा वाजून गेले होते. कोपऱ्यात अजून थोडं ऊन होतं.